लोखंड्याचा डावा खांदा

जगात बघण्यासारखी मालिका एकच झाली आणि ती तीस वर्षांपूर्वी संपली, असं पोचेकाकांचं ठाम मत होतं. हे मत मिळवण्यासाठी त्यांना काही विचारावं लागत नसे. चेपलेलं दार घेऊन आलेलं गिऱ्हाईक गॅरेजातल्या स्टुलावर टेकलं, की काका हातोडी खाली ठेवून विचारत, "लोखंड्या पाहिलाय का तुम्ही?" नाही म्हणणाऱ्याची धडगत नसे. हो म्हणणाऱ्याची त्याहून नसे, कारण मग त्याची परीक्षा घेतली जाई. दुपारी मिळायचं दार संध्याकाळी मिळे.

लोखंड्या हे एक जपानी कार्टून. चौदा मजली उंच यंत्रमानव, त्याच्या छातीत बसून त्याला हाकणारी एक वेणीवाली मुलगी, समुद्रातून दर आठवड्याला वेळेवर हजर होणारे राक्षस, आणि इतकं होऊनही किनाऱ्यावरच राहायचा हट्ट न सोडणारे शहरातले लोक. मालिकेचं खरं नाव काय होतं ते कुणालाच वाचता आलं नव्हतं. पात्रं काय बोलतात हेही कळत नव्हतं. पण भाषा कळत नाही म्हणून मत द्यायचं थांबायला गॅरेजाभोवतीची ही वस्ती काही विद्वानांची नव्हती.

काकांचं म्हणणं असं, की बाकीच्या मालिकांमधले यंत्रमानव म्हणजे निव्वळ थापा. या आठवड्यात राक्षसाने फरफटत नेलं, पुढच्या आठवड्यात बघावं तर पठ्ठ्या शोरूममधून आल्यासारखा चकचकीत. कुणी ठोकलं, कुणी घासलं, रंग वाळायला किती वेळ दिला, कशाचा पत्ता नाही. लोखंड्याचं तसं नव्हतं. पहिल्या भागात त्याच्या मांडीला पोचा आला, तर दुसऱ्या भागात तो तिथेच आणि तेवढाच असे. त्याची डागडुजी करणारी माणसं होती, शिड्या होत्या, वेल्डिंगच्या ठिणग्या होत्या, आणि त्या सगळ्यांवर दिवसभर खेकसणारा एक टोपीवाला म्हातारा मिस्त्री होता. "पत्र्याचा मान ठेवणारी मालिका आहे," काका म्हणत. जन्मभर पत्रा ठोकलेल्या माणसाकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र कुठल्याही मालिकेला मिळणार नाही.

पोचेकाका हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. गाडीचे पोचे काढतात म्हणून पोचेकाका. खरं नाव रेशन कार्डावर असावं. एकोणिसाव्या वर्षी ते उस्तादांच्या गॅरेजात काम शिकायला शिरले, आणि आता बासष्टीला आले तरी शिकणं चालूच आहे, असं त्यांची बायको सांगते. ती सांगू शकते, कारण ती उस्तादांची मुलगी.

उस्तादांची दोन मतं जगजाहीर होती. एक, आपल्याखेरीज जगात कुणाला पत्रा कळत नाही. दोन, पुट्टी हे पाप आहे. पोचा मागच्या बाजूने ठोकून सरळ करायचा असतो. खड्ड्यात पुट्टी भरायची, घासायची आणि वरून रंग फासून मोकळं व्हायचं, हे त्यांच्या लेखी गिऱ्हाइकाच्या तोंडावर खोटं बोलणं होतं. त्यांच्या गॅरेजात पुट्टीचा डबा सापडला, तर तो आणि तो आणणारा दोघेही रस्त्यावर जात. उस्ताद गाडीसमोर कधी सरळ उभे राहत नसत. तिरके उभे राहायचे, मान कलती करायची, एक डोळा मिटायचा आणि पत्र्यावरून नजर घसरत न्यायची. मग निकाल यायचा, "उजवा मडगार्ड दुसऱ्या हाताचा आहे." कंपनीचा रंग कुठे संपतो आणि नंतरचा कुठे सुरू होतो, ते त्यांना असं दिसायचं. ठोकलेली गाडी नवी म्हणून विकायला निघालेली माणसं त्यांच्या गॅरेजाची गल्ली टाळून जात.

उस्तादांना मुलगा एक, मुलगी एक. मुलाने पत्रा सोडून केबलचा धंदा काढला, म्हणून ते त्याच्याशी कामापुरतं बोलत. मुलीने पत्र्यातल्याच माणसाशी लग्न केलं, म्हणून जावयाशी दिवसभर बोलत. या दिवसभरात 'गाढवा' हा शब्द किती वेळा येई ते मोजण्याच्या भानगडीत जावई पडला नाही. त्याला एकाच गोष्टीची आस होती. आपण सरळ केलेल्या एखाद्या दारावर उस्तादांनी तिरकी नजर फिरवावी आणि "साफ आहे" म्हणावं. तेरा वर्षांत ते त्यांनी एकदाही म्हटलं नाही. "चालेल," म्हणत. फार खूश असले तर काहीच म्हणत नसत.

तर एके दिवशी या केबलवाल्या मेहुण्याने एक पेटी आणली. कुठलंसं कॅसेटचं दुकान बंद पडलं होतं, तिथली. आत सव्वीस कॅसेट, सगळ्या लोखंड्याच्या. मेहुण्याला रविवारी सुट्टी हवी होती आणि चॅनेल तर रिकामं ठेवता येत नव्हतं.

"भावोजी, रविवारी दुपारी बाराला एक कॅसेट लावायची, बस्स. माकडही करेल," तो म्हणाला.

माकडाने कदाचित नीट केलं असतं. पेटीला पाणी लागलं होतं आणि कॅसेटवरची लेबलं सुटून तळाशी त्यांचा लगदा झाला होता. कुठली पहिली, कुठली शेवटची, काही समजायला मार्ग नाही. पडद्यावर भागाचा आकडा येई तोही त्यांच्याच लिपीत. मेहुणा म्हणाला, कशाही लावा, पोरं काय बघायचं ते बघतील. इथे काकांमधला कारागीर दुखावला गेला. त्यांनी आठवडाभर केबलच्या खोलीत बसून सगळ्या कॅसेटची पहिली दोन-दोन मिनिटं पाहिली. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला लोखंड्या आपल्या शेडमधून बाहेर पडत असे. काका तिथे कॅसेट थांबवत आणि पोचे मोजत. मांडीला तीन, छातीला दोन, पाठीवर ओरखडा. ज्यात पोचे कमी ती कॅसेट आधी, ज्यात जास्त ती नंतर. पोचा आपोआप जात नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण तो कुणीतरी काढूही शकतं, ही शक्यता रोज सकाळी नऊ ते संध्याकाळी सात पोचेच काढणाऱ्या या माणसाच्या डोक्याला शिवली नाही.

मालिकेत नेमकं तेच झालं होतं. चौदाव्या भागात लोखंड्या खिळखिळा होऊन समुद्रात बुडतो आणि त्याला वाचवायला आत शिरलेला टोपीवाला म्हातारा मरतो. पंधरावा भाग सुरू होतो तोवर बाकीच्या माणसांनी लोखंड्याला बाहेर काढून, पुन्हा जोडून, रंगवून नव्यासारखा उभा केलेला असतो. म्हणजे पोच्यांच्या हिशेबाने पहिला भाग आणि पंधरावा भाग शेजारी शेजारी. सोळावा दुसऱ्याच्या मांडीला मांडी लावून. एक भाग म्हातारा जिवंत असतानाचा, पुढचा तो गेल्यानंतरचा, आणि ज्यात तो मरतो तो भाग सगळ्यात ठोकलेला म्हणून सगळ्यात शेवटी.

वस्तीने हे सगळं बिनतक्रार पचवलं. म्हातारा एका रविवारी हजर आणि दुसऱ्या रविवारी गायब, याला लोकांनी आपापल्या वकुबाप्रमाणे कारणं शोधली. कुणी म्हणालं, पाळीचं काम असेल. कुणी म्हणालं, तब्येतीने नाजूक आहे. कोपऱ्यावरच्या घरातला दहा वर्षांचा एक मुलगा म्हणाला, काळ दोन आहेत आणि म्हातारा त्यातल्या एकातच राहतो. त्या मुलाचं पुढे व्हायचं तेच झालं. तो वकील झाला.

त्याच महिन्यात उस्ताद अंथरुणाला खिळले. डॉक्टर जिन्यात थांबून जावयाला म्हणाले, सहा महिने, फार तर. हे उस्तादांना कुणी सांगितलं नाही. गॅरेजाच्या वरच्या खोलीत खिडकीशी त्यांची खाट होती आणि पायाशी रंगीत टीव्ही. रविवारी बाराला काका दोन गल्ल्यांपलीकडच्या केबलच्या खोलीत कॅसेट लावत, धावत घरी येत आणि खाटेच्या कडेला बसत. उस्ताद उशीवर मान कलती करून, एक डोळा मिटून टीव्ही बघत. आजारपणात माणसाची जुनी सवय जात नाही, असं काकांना वाटे.

दुसऱ्याच रविवारी उस्तादांनी विचारलं, "डावा खांदा कुणी केला रे?"

"कंपनीचाच आहे उस्ताद."

"हं," उस्ताद म्हणाले आणि पुढे बघत राहिले.

त्यांचा जीव जडला होता तो त्या म्हाताऱ्यावर. तो शिडीवर चढून पोरांवर ओरडायला लागला की उस्ताद हसत, मग खोकत. "हा एक सोडला तर त्या देशात कुणाला काम येत नाही," असं त्यांनी एका रविवारी जाहीर केलं. आणि दर रविवारी शेवटी एकच प्रश्न असे, "पुढल्या वेळी आहे ना म्हातारा?"

नवव्या रविवारी सकाळी काका लवकर गेले. उस्तादांना नीट उत्तर द्यावं म्हणून त्यांनी पेटीतली शेवटची कॅसेट काढून पहिल्यांदा पूर्ण पाहिली. पाणी छातीपर्यंत आलेल्या लोखंड्याच्या आत म्हातारा एकटा, हातात पत्रा जोडायची रिव्हेट. मग पाणी डोक्यावरून गेलं. मग नुसती टोपी लाटांवर. काकांनी कॅसेट थांबवली. मग त्यांना आठवलं, की म्हातारा नसतो त्या सगळ्या भागांमध्ये शेडच्या भिंतीवर एका खिळ्याला ती टोपी टांगलेली असते. म्हातारा सुट्टीवर नव्हता. म्हातारा त्या भागांमध्ये मेलेला होता, आणि त्याच्यानंतर कुणीतरी लोखंड्याला पुन्हा उभा केला होता. सगळा क्रम आपण पोच्यांवरून चुकवला, हे काकांना त्या क्षणी लख्ख कळलं.

कळल्यावर माणूस चूक सुधारतो. काकांनीही पेटी ओतून कॅसेट खऱ्या क्रमाने मांडल्या. त्या क्रमाने म्हातारा पुढच्या दोन महिन्यांत मरत होता, आणि मग उरलेले सगळे रविवार भिंतीवर नुसती टोपी. ते मांडलेल्या कॅसेटकडे बघत राहिले. मग त्या त्यांनी पुन्हा उचलल्या आणि एक जिवंतपणाची, एक नंतरची, अशा लावून टाकल्या. म्हातारा सलग दोन रविवार गैरहजर राहणार नाही, एवढीच काळजी घेतली. मरणाची कॅसेट तळाशी गेली.

त्या दुपारी उस्तादांनी विचारलं, "पुढल्या वेळी आहे ना म्हातारा?"

"सुट्टीवर आहे," काका टीव्हीकडे बघत म्हणाले. "त्याच्या पुढच्या वेळी येईल."

पंचविसाव्या रविवारी मशीनने कॅसेट गिळली. पडद्यावर नुसत्या रेघा. काकांनी मशीन उघडलं, फीत बोटांनी सोडवली, पेन्सिलीने गुंडाळली, पुन्हा लावली. चाळीस मिनिटं गेली. चित्र आलं, म्हातारा शिडीवर चढताना दिसला, तेव्हा ते घराकडे धावले. जिन्यातच बायकोचा आवाज ऐकू आला. टीव्ही चालू होता आणि म्हातारा ओरडत होता, पण ऐकणारं माणूस गेलं होतं.

पुढच्या रविवारी त्यांनी शेवटची कॅसेट लावली. आता लपवायचं कुणापासून? सगळी वस्ती रडली. मालिका असावी तर अशी, असं सगळ्यांचं एकमत झालं. खऱ्या शेवटच्या भागात दुरुस्त झालेला लोखंड्या तळहातावर ती टोपी घेऊन घरी चालत येतो. तो भाग चोविसाव्या रविवारी मधेच होऊन गेला होता आणि त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून काकांच्या घरात एक वाक्य राहायला आलं. भाजीत मीठ जास्त झालं, नळ गळला, पाहुणे आले, कशावरूनही बोलणं वाढलं की बायको शेवटी ते काढी. "माझे बाबा गेले तेव्हा तुम्ही कार्टून लावत होतात." यावर काकांकडे उत्तर होतं आणि ते त्यांनी तीस वर्षं गिळलं. कारण उत्तर द्यायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. ज्या माणसाने घरात पुट्टीचा डबा येऊ दिला नाही, त्याच्या उशाशी बसून आपण पंचवीस रविवारांपैकी सतरा रविवार पुट्टी भरली, हे त्याच्या मुलीला कुठल्या तोंडाने सांगायचं? त्यापेक्षा कार्टून लावत होतो हे बरं होतं. कार्टून लावणारा माणूस मूर्ख असतो, खोटारडा नसतो. पण ते वाक्य प्रत्येक वेळी लागायचं, आणि ते एकदा थांबावं एवढंच त्यांना हवं होतं.

हे असंच चाललं असतं, पण कुठल्याशा कंपनीने लोखंड्या धुऊन-पुसून इंटरनेटवर आणला. सव्वीसच्या सव्वीस भाग, आकड्यांसकट. वस्तीत आता चाळिशी उलटलेल्या मुलांचं एक लोखंड्या मंडळ होतं. त्याचे अध्यक्ष वकील. त्यांनी एका बैठकीत सगळे भाग पाहिले, क्रम वेगळा असल्याचं त्यांच्या ध्यानात आलं, आणि साधा माणूस ज्याला चूक म्हणाला असता त्यावर त्यांनी चाळीस पानी निबंध लिहिला. निबंधाचं नाव 'पोच्यांचा काळ'. त्यात सिद्ध केलं होतं, की मूळ मालिका सामान्य आहे. तिला थोर केलं ते गॅरेजातल्या एका द्रष्ट्याने. काळ सरळ जात नसतो, तो पोच्यांमध्ये साठतो, हे त्या द्रष्ट्याला तीस वर्षांपूर्वीच उमगलं होतं.

"काका, रविवारी शाळेच्या हॉलमध्ये तुमचा सत्कार," वकील गॅरेजात येऊन म्हणाले. "दुपारी बाराला, मुद्दाम. तुम्ही दहा मिनिटं बोलायचं. क्रम लावताना तुमचा विचार काय होता, तेवढंच."

"अरे, विचार असा काही..."

"बस्स. हाच विनय. हा मी निबंधात घेतलाय."

काकांनी ही गोष्ट घरी सांगितली. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "जाऊ या की," ती म्हणाली. "तुमचा विचार काय होता ते मलाही ऐकायचंय." हे ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, पण काकांना रविवारपर्यंत जेवण गेलं नाही. मान्यवर म्हणून मिळालेली ही आयुष्यातली पहिली खुर्ची. गप्प राहिलं तर द्रष्टेपण कायम राहणार होतं. बोललं तर चाळिशीतली साठ पोरं आणि पहिल्या रांगेतली एक बाई, सगळ्यांसमोर डबा उघडा पडणार होता. आणि तिचं ते वाक्य थांबेल, की त्याच्या जागी त्याहून वाईट वाक्य येईल, हे सांगता येत नव्हतं.

हॉल भरला होता. वकिलांनी निबंधातली अकरा पानं वाचली, तीही सारांश म्हणून. मग काकांच्या हातात पत्र्याचा हातभर लोखंड्या दिला. काकांनी सवयीने त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला. तीन ठिकाणी पुट्टी होती. मग ते माइकसमोर उभे राहिले.

"चूक झाली होती," ते म्हणाले. "लेबलं निघाली होती. मी पोचे मोजून कॅसेट लावल्या. मधे तो दुरुस्त झाला असेल हे सुचलं नाही. विचार वगैरे काही नव्हता."

हॉल हसला. टाळ्या वाजल्या. वकिलांनी शेजारच्याला कोपराने ढोसलं, बघ, कसा माणूस आहे. मागून कुणीतरी म्हणालं, कंपनीनेच क्रम चुकवला असेल, या कंपन्यांचा काय भरवसा. त्याला लगेच अनुमोदन मिळालं. खरं बोलून माणूस इतका लोकप्रिय होतो हे काकांना माहीत नव्हतं. ते टाळ्या थांबायची वाट बघत राहिले.

"नवव्या रविवारी मला कळलं," ते म्हणाले. "तरी मी तसंच चालू ठेवलं. घरी एक माणूस आजारी होता आणि त्याला तो म्हातारा आवडायचा. तो मेलाय हे त्याला कळू द्यायचं नव्हतं. म्हणून मी खोटं लावत गेलो. दर रविवारी. पंचविसाव्या रविवारीही तेच लावत होतो."

या वेळी टाळ्या जरा उशिरा आल्या. वकिलांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं, निबंध आता पन्नास पानांचा होणार हे उघड होतं. पहिल्या रांगेतल्या बाईने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती पर्सचा बंद घट्ट धरून बसली होती.

दोघं घरी आली. पत्र्याचा लोखंड्या तिनेच काखेत धरला होता. वरच्या खोलीत आल्यावर तिने तो टीव्हीवर ठेवला आणि बाबांच्या खाटेवर बसली.

"दुसऱ्या रविवारी बाबांनी तुम्हाला खांद्याचं विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो. डाव्या."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"कंपनीचा आहे म्हणालो."

"तुम्ही खाली गेल्यावर बाबा मला म्हणाले, गाढव आहे. खांदा दुसऱ्या हाताचा आहे. याला पूर्ण उघडून परत जोडलाय, आणि जोडताना तो म्हातारा नव्हता. तो असता तर असा पिवळट खांदा त्याने शेडबाहेर जाऊ दिला नसता. म्हातारा मेलेला आहे आणि तुझ्या नवऱ्याने कॅसेट उलटसुलट लावल्यात."

काका खाली बसले. खाटेवर नाही, जमिनीवरच.

"दुसऱ्या रविवारी?"

"दुसऱ्या. तुम्हाला नवव्याला कळलं. तेही त्यांनी मला सांगितलं. म्हणाले, आज याला कळलेलं दिसतंय, आज बोलताना नजर चुकवली."

"मग दर वेळी विचारायचे ते, म्हातारा आहे ना म्हणून..."

"तुम्ही काय सांगता ते ऐकायला आवडायचं त्यांना. तुम्ही गेलात की मला तुमची नक्कल करून दाखवायचे. सुट्टीवर आहे." ती हसली आणि हसताना तिचे डोळे भरले. "मला म्हणाले होते, त्याला सांगू नकोस, लावायचं थांबवेल. म्हणून नाही सांगितलं. ते गेल्यावर मला वाटलं, आता तुम्ही सांगाल. तुम्ही सांगितलंत, कॅसेट अडकली होती. तीस वर्षं मी तुम्हाला टोचतेय, एकदा तरी चिडून खरं बोलाल म्हणून. तुम्ही आपले मान खाली घालून हातोडी शोधायला जाता."

काकांना वाईट वाटत होतं आणि हलकंही वाटत होतं, आणि दोन्हींच्या वर लाज होती.

"पुट्टी भरली मी," ते शेवटी म्हणाले. "उस्तादांच्या घरात बसून."

"तेही म्हणाले होते."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, पोरानं पुट्टी भरलीय. पण काम साफ आहे. राहू दे."

काकांनी उपरण्यासारखा गळ्यात अडकवलेला सत्काराचा रेशमी पट्टा काढून त्याने तोंड पुसलं आणि बायकोला मोबाइलवर पंधरावा, म्हणजे त्या दुसऱ्या रविवारचा भाग लावायला सांगितलं. लोखंड्या शेडमधून बाहेर पडला तिथे त्यांनी तिला थांबवलं. मग ते उभे राहिले, जरा तिरके झाले, मान कलती केली आणि एक डोळा मिटला. खांदा पिवळट होता. चांगलाच पिवळट होता, कुणालाही दिसला असता.